पाऊस आल्यानंतरचा दुष्काळ

१८७७च्या सप्टेंबरात म्हैसूर संस्थानावर पाऊस परतला. आज जिला सर्जापूर रोड म्हणतात ती बंगळूरच्या आग्नेयेची वाट तेव्हा तळ्यांच्या काठाने जाई. आगरा, बेल्लंदूर, कैकोंडरहळ्ळी, कसवनहळ्ळी, पुढे दोम्मसंद्र आणि शेवटी आनेकल तालुक्यातलं विणकरांचं गाव सर्जापूर. वरच्या तळ्याचं पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात उतरे, तिथून आणखी खाली. तळ्याखालच्या जमिनीत भात, चढावरच्या तांबड्या मातीत नाचणी, आणि जिथे दुसरं काही येत नाही तिथे हुलगे, अशी इकडची शेती. दोन वर्षांच्या अवर्षणानंतर या तळ्यांत पुन्हा पाणी उतरू लागलं.

पण तळं भरलं म्हणून शेत उभं राहत नाही. नाचणीची पेरणी आषाढ-श्रावणात व्हायला हवी. तो हंगाम हातचा गेला होता. उशिराच्या पावसावर येणारे हुलगे तेवढे घेता आले असते. हुलग्याला फारसं काही लागत नाही, पण बी लागतं आणि कुळव ओढायला बैल लागतो. बी केव्हाच खाऊन संपलं होतं. बैल कडब्यावाचून मेला होता, नाहीतर येईल त्या किमतीला विकला गेला होता. घरावरचं गवत गेल्या उन्हाळ्यात गुरांपुढे टाकून झालं होतं. माणूस वाचला होता, जमीनही होती तिथेच होती, पण या दोघांना जोडणारं काहीही शिल्लक नव्हतं.

दुष्काळाचा इतिहास सांगताना आपण बहुधा भुकेचा इतिहास सांगतो. अन्नछत्रं, खडी फोडणारी माणसं, मेलेल्यांचे आकडे. पाऊस पडला की गोष्ट संपते. मला वाटतं, शेतकऱ्याच्या दृष्टीने ती तिथे सुरू होते. जगवणं हे एक काम आणि पुन्हा उभं करणं हे दुसरं, हे सरकारला कबूल करायला फार वर्षं लागली. त्या कबुलीचा मोठा भाग म्हैसूर, मद्रास आणि मुंबई इलाख्यातल्या याच दुष्काळात घडला, आणि त्यात मराठी माणसांचा हात आहे.

दक्षिणेत या दुष्काळाला धाता संवत्सराचा दुष्काळ म्हणतात. १८७५चा पाऊस अपुरा होता, १८७६चा जवळजवळ आलाच नाही, आणि १८७७च्या वसंतातला मुंगारु पाऊसही फसला. तरी पहिल्या वर्षी फारशी घबराट नव्हती. त्याचं कारण जमिनीखाली होतं. म्हैसूरकडे नाचणी पेवात साठवतात. कोरड्या जागी खोल खड्डा घ्यायचा, आत पेंढा लावायचा, दाणा भरून तोंड मातीने लिंपायचं. नाचणीला कीड सहसा लागत नाही. पेवातली नाचणी वर्षानुवर्षं टिकते. एक वाईट वर्ष पेवावर निघत असे. दुसऱ्या वर्षी पेवं रिकामी झाली, आणि तेव्हा कळलं की पुष्कळ गावांत ती भरलेली नव्हतीच. बंगळूरला मद्रासकडून आगगाडी १८६४ सालीच आली होती. धान्य स्टेशनापर्यंत येई. तिथून खेड्यांत न्यायचं तर पुन्हा बैल हवेत, आणि बैलांना वाटेत चारा-पाणी हवं. धान्य होतं तिथे माणसं नव्हती आणि माणसं होती तिथे धान्य पोचत नव्हतं.

विणकरांची गत शेतकऱ्यांच्याही आधी झाली. पोटाला कमी पडलं की माणूस पहिल्यांदा कापड घेणं थांबवतो. सर्जापूरसारख्या गावात माग आधी बंद पडले असतील आणि नांगर मागाहून.

सरकारची भूमिका १८७७च्या जानेवारीत ठरली. सर रिचर्ड टेंपल यांना व्हाइसरॉय लिटन यांनी दक्षिणेत पाठवलं. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या टंचाईत टेंपल यांनी सढळ हाताने खर्च केला होता, माणसं वाचवली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका खाल्ला होता. या वेळी त्यांनी तो धुऊन काढायचं ठरवलं. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा पुरे, असं त्यांनी ठरवून दिलं. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी आकडे मांडून दाखवलं की एवढ्यावर माणूस खडी फोडू शकत नाही, तो झिजत जातो. मुंबई इलाख्यात तर मजुरांनीच उत्तर दिलं. हे दर लागू होताच लाखाच्या वर माणसं कामं सोडून घरी निघून गेली. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्यामागे न्यायमूर्ती रानडे यांच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जामागून अर्ज पाठवले. पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींनी पोरक्या आणि उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला. हे सगळं आपल्याला माहीत असतं. याच दिवसांत म्हैसुरात काय झालं ते आपल्याकडे फारसं कोणी वाचत नाही.

म्हैसूर तेव्हा इंग्रज आयुक्ताच्या ताब्यात होतं. राजघराण्याला राज्य परत द्यायचं ठरलं होतं, पण ते व्हायचं होतं. १८७१च्या खानेसुमारीत संस्थानात ५०,५५,४१२ माणसं होती. १८८१च्या खानेसुमारीत ४१,८६,१८८. दहा वर्षांत वाढायची ती वस्ती पावणेनऊ लाखांनी घटली. सहांतला एक माणूस नाही. १८७७च्या सप्टेंबरात लिटन स्वतः बंगळूर-म्हैसूरला आले आणि चार्ल्स एलियट यांना म्हैसूरचे दुष्काळ आयुक्त नेमलं गेलं. तोवर मरणारे पुष्कळसे मरून गेले होते. जे उरले ते छावण्यांत होते, आणि पाऊस पडू लागला तसे छावण्या सोडून गावाकडे निघाले, कारण पावसाळ्यात शेतकऱ्याला दुसरीकडे थांबवत नाही.

त्याच्या थोडं आधी, ऑगस्टात, मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी लंडनच्या लॉर्ड मेयरला तार करून मदत मागितली होती. कलकत्त्याच्या सरकारला ते रुचलं नाही. दुष्काळनिवारण हे सरकारचं काम, त्यात वर्गणीचा पैसा मिसळला तर हिशेब आणि शिस्त दोन्ही बिघडतील, असा आक्षेप होता. तोवर लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये वर्गणी सुरू होऊन गेली होती. गिरणीकामगार, शाळा, चर्च, वसाहतींतली गावं, जिथून तिथून पैसे येत राहिले आणि सहा लाख पौंडांच्या वर रक्कम जमली. एवढ्या पैशाचं करायचं काय? पोट भरायचं काम सरकारचं, असं सरकारच म्हणत होतं. मग जे काम सरकार आपलं मानत नाही त्याला हा पैसा लागावा, असा तोडगा निघाला. पोरकी मुलं, पडद्यातल्या आणि अब्रूदार घरांतल्या बायका, आणि घरदार-अवजारं गमावलेली कुणबी माणसं.

त्यातला शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. मद्रास इलाख्यात आणि म्हैसुरात जिल्ह्याजिल्ह्याला समित्या झाल्या. मिशनरी, वकील, व्यापारी, पेन्शनर, एखाददुसरा अंमलदार. गावच्या पाटलाने आणि शानभोगाने, म्हणजे कुलकर्ण्याने, यादी करायची, समितीच्या माणसांनी गावात जाऊन ती तपासायची आणि पैसे हातात द्यायचे. कोणाला बियाण्यापुरते, कोणाला बैलापुरते, कोणाला छपरापुरते. ते परत मागायचे नव्हते. विल्यम डिग्बी हे मद्रासचे पत्रकार या निधीच्या समितीचे चिटणीस होते. त्यांनी पुढच्याच वर्षी या दुष्काळावर दोन खंड लिहिले आणि त्यात या वाटपाचा बारीक तपशील आहे. यादीत नाव घालायला शानभोगाने हात ओला करून घेतला, पैसे आले ते पेरणीनंतर, बैलांचे भावच दुप्पट झाले, अशा आज ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांची सुरुवात तिथूनच आहे. तरी एक गोष्ट पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर झाली. नुकसान झालेल्या शेतकऱ्याला उभं राहण्यासाठी रोख रक्कम मिळाली, आणि तीही कर्ज म्हणून नव्हे.

सरकारने मात्र तो मार्ग स्वतः धरला नाही. हिशेब पाहिला तर कारण कळतं. दुष्काळापूर्वी म्हैसूरच्या तिजोरीत शिल्लक होती. ती संपली आणि वर हिंदुस्थान सरकारचं ८० लाखांचं कर्ज झालं. १८८१ साली चामराज वडेयर गादीवर बसले आणि सी. रंगाचार्लू दिवाण झाले तेव्हा हे कर्ज संस्थानाबरोबर त्यांच्याकडे आलं. इंग्रजांना द्यायची वार्षिक खंडणी साडेचोवीस लाखांवरून ३५ लाख करायची होती. ती वाढ दुष्काळाच्या कारणाने पाच वर्षं पुढे ढकलली गेली, पुढे आणखी दहा वर्षं. राज्याला तहकुबी मिळाली. रयतेच्या वाट्याला काय यायचं ते ठरवण्याचं काम तोवर एका कमिशनने केलं होतं.

१८७८च्या या दुष्काळ कमिशनचे अध्यक्ष रिचर्ड स्ट्रॅची, सचिव तेच चार्ल्स एलियट. हिंदी सभासद दोन. एक म्हैसूरचे हे रंगाचार्लू. दुसरे कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे. हे नाव मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने ज्यांच्यावर लिहिलं आणि ज्यांच्या फिर्यादीवरून टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, ते हेच बर्वे. त्या प्रकरणाच्या आवाजात त्यांचं दुष्काळ कमिशनवरचं काम विसरलं गेलं. १८८० साली आलेल्या या अहवालावरून इलाख्याइलाख्यात दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाईची चाहूल कशी ओळखायची, कामं कधी काढायची, मजुरी किती, म्हातारे आणि लहान मुलं यांना काय द्यायचं, सारा कधी तहकूब करायचा आणि कधी माफ, हे सगळं प्रथमच लिहून ठेवलं गेलं. आज जिल्हाधिकारी कचेरीत पर्जन्यमान, पैसेवारी आणि चाऱ्याचा ताळेबंद ज्या रकान्यांत भरतात त्यांचं मूळ तिथे आहे.

पेरणीच्या वेळी रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी कमिशनने तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, सुचवली. १८८३ साली जमीन सुधारणा कर्जाचा कायदा झाला, १८८४ साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा. पहिला विहीर-ताल-बांधासाठी, दुसरा बी-बियाणं आणि बैलांसाठी. १८७७ साली जे हातात मिळालं होतं ते आता कर्ज म्हणून मिळू लागलं.

तगाई ही काही इंग्रजांची कल्पना नव्हती. १६३० ते ३२च्या दुष्काळाने आणि आदिलशाही फौजेने उजाड केलेला पुणे प्रांत शहाजीराजांच्या जहागिरीत होता. त्यांना बंगळूर मिळालं ते १६३८ साली. राजे बंगळुरात आणि पुण्याचा कारभार दादोजी कोंडदेवांकडे, त्या काळात सुरुवातीला नाममात्र आणि दरवर्षी थोडा चढत जाणारा सारा, म्हणजे इस्तावा, देऊन गावं पुन्हा वसवली गेली. आणि ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामजी अनंत यांना लिहिलेलं पत्र तर या विषयावरचा मराठीतला सर्वांत थोर कागद म्हणायला हवा. महाराजांनी सुभेदाराला गावोगाव फिरायला सांगितलं आहे. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाही, दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावेत, पोटापुरतं धान्य द्यावं. वसूल करताना वाढीदिढी लावू नये, मुद्दल तेवढं घ्यावं, आणि तेही त्याला ताकद येईल तसतसं. यासाठी दोन लाख लारींपर्यंत (लारी हे तेव्हाचं चांदीचं नाणं) खर्च झाला तरी चालेल, असंही त्यात आहे. सुमारे दोनशे वर्षांनी टेंपल साहेब एक रतलाचा हिशेब करत होते.

इंग्रजी तगाईत व्याज होतं. सावकारापेक्षा कमी, पण होतं, आणि हप्त्याची तारीख ठरलेली. अर्ज मामलेदाराकडे, मग तलाठ्याचा, त्या काळच्या कुलकर्ण्याचा, दाखला, जमीन तारण, नाहीतर जामीन. ज्याची जमीन आधीच सावकाराकडे गहाण, त्याने तारण काय द्यायचं? ज्याला सगळ्यांत गरज त्याच्यासाठी दार सगळ्यांत अरुंद. मंजुरी येईपर्यंत मृगाच्या सरी पडून गेलेल्या असत. कर्ज थकलं की ते जमीन महसुलाच्या बाकीसारखं वसूल होई, म्हणजे जप्ती. त्यामुळे शेतकरी सावकाराकडेच जाई. तो व्याज जास्त घेई, पण पैसे त्याच संध्याकाळी देई.

१८९६-९७चा दुष्काळ आला तेव्हा संहितेची परीक्षा झाली. टिळकांचं या वेळचं काम मला त्यांच्या सगळ्या राजकारणात फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी नवीन काहीही मागितलं नाही. दुष्काळ संहितेत लिहिलेलं आहे तेवढं तरी द्या, एवढंच म्हटलं. ज्या बर्व्यांपायी ते तुरुंगात गेले त्यांच्या कमिशनच्या पोटातून निघालेली ती संहिता त्यांनी गावागावांत पोचवली. सार्वजनिक सभेची माणसं ठाणे-कुलाब्यापासून देशावर हिंडली, पत्रकं वाटली, पीक बुडालं असेल तर साऱ्याची सूट हा तुमचा हक्क आहे, असं सभा घेऊन सांगितलं. सरकार इतकं बिथरलं की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली.

त्याच वर्षी देशभर धर्मादाय निधी उभा राहिला आणि त्याचे चार उद्देश सरकारने लेखी ठरवून दिले. त्यातला चौथा असा होता की सगळं गमावलेल्यांना पूर्वीच्या स्थितीवर आणून नव्याने सुरुवात करायला मदत करावी. दीड कोटींच्या वर जमलेल्या निधीतली सर्वांत मोठी रक्कम याच चौथ्या उद्देशावर, बैल आणि बियाणं यांवर, खर्च झाली. म्हणजे वीस वर्षांनीही गणित तेच. सरकार कर्ज देई, आणि परत न मागायची मदत दानशूरांच्या खिशातून होई. १८९९-१९००चा छपन्न्या दुष्काळ झाला तेव्हा पुन्हा तसाच निधी, तसंच वाटप. १९०१च्या मॅकडॉनेल कमिशनने मात्र एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. तगाई आणि सारा तहकुबी संकटाच्या सुरुवातीलाच जाहीर करा. उशिरा दिलेल्या दुप्पट मदतीने जे होत नाही ते वेळेवर दिलेल्या धीराने होतं.

यानंतरची नव्वद वर्षं मी झरझर सांगतो. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि बी-बियाण्याच्या कर्जाचं ओझं हळूहळू सोसायट्यांवर गेलं. १९१८ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात गांधीजींनी चार आण्यांच्या आत पीक असेल तर सारा तहकूब करण्याचा नियमच पुढे केला. स्वातंत्र्यानंतर तगाई चालूच राहिली. निवडणुका आल्या की थकबाकी माफ होई. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, आणि तो जगवण्याच्या कामाचा कळस होता. उभं करण्याचं काम कर्जाच्याच खात्यात राहिलं.

ते खातं बदललं नवव्या वित्त आयोगामुळे. १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारण निधी आला, पंचाहत्तर टक्के केंद्राचा आणि पंचवीस टक्के राज्याचा. त्याच्या निकषांत पीक बुडालेल्या लहान शेतकऱ्याला निविष्ठा अनुदान आलं. निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, मशागत. मेलेल्या जनावरामागे रक्कम आली, जमिनीवरची वाळू काढायला रक्कम आली. १८७७ साली लॉर्ड मेयरच्या पैशाने जे झालं ते ११३ वर्षांनी सरकारी लेखाशीर्षावर चढलं. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला. आधी निम्मं पीक गेलं तरच मदत होती; २०१५ साली ती अट ३३ टक्क्यांवर आली. २०२२ साली ठरलेले केंद्राचे दर असे: कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टरची. दुधाळ म्हैस किंवा गाय मेली तर ३७,५००, बैलाला ३२,०००. कोरडवाहूचा दर म्हणजे एकरी साधारण ३,४०० रुपये. एवढ्यात नांगरटीच्या दोन पाळ्यांचं ट्रॅक्टरचं भाडं निघतं, बी आणि खत उरतातच. ही नुकसानभरपाई नाही हे अधिकारीही मान्य करतील. पुढच्या पेरणीला लावलेला हातभार आहे.

म्हणून राज्यं पदरची भर घालतात. कर्नाटकाने २०२१च्या डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात कोरडवाहूचा दर १३,६०० केला, बागायतीचा २५,०००, फळबागांचा २८,०००. महाराष्ट्राने २०२५च्या अतिवृष्टीनंतर, मराठवाड्यात नद्यांनी माती धुऊन नेल्यावर, ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात केंद्राच्या दरावर रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी दहा हजार वेगळे धरले आहेत, आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख. बियाण्याचा पैसा पीक नुकसानीपासून वेगळा काढला, ही मला त्या पॅकेजातली सर्वांत समजूतदार गोष्ट वाटते. मृगाची पेरणी बुडालेल्या माणसाचा खरा प्रश्न रब्बीचा असतो.

पैसा केव्हा पोचतो हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. २०२३ साली कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले आणि केंद्राकडे १८,१७१ कोटी मागितले. महिने गेले. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने आपल्या तिजोरीतून पहिला हप्ता म्हणून प्रत्येकी दोन हजारांपर्यंत दिले. मार्चमध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिलच्या अखेरीस केंद्राने ३,४५४ कोटी सोडले. खरीप बुडाला २०२३चा. पैसे आले ते पुढच्या पेरणीच्या महिनाभर आधी. ड्यूकने लंडनला केलेल्या तारेपासून गावात पैसा पोचेपर्यंत याहून कमी दिवस लागले होते.

आता सर्जापूर रोड. विप्रोचं मुख्यालय दोड्डकन्नेल्लीत, अझीम प्रेमजी विद्यापीठ सर्जापूरच्या पुढे, मधे सलग उंच सोसायट्या. त्यांत मराठी घरं पुष्कळ. तळ्यातून तळ्यात जाणारे कालवे बुजले. ५ सप्टेंबर २०२२च्या पावसात याच रस्त्यावरच्या वसाहती बुडाल्या आणि संगणक अभियंते शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरमध्ये उभे राहून कामाला गेले. दोम्मसंद्र ओलांडलं की अजून नाचणी दिसते. ती कोण पिकवतं, हे कोणा शेतावरच्या माणसाला विचारून पाहावं. जमीन बहुधा शहरातल्या कुणाची तरी, कंपनीची नाहीतर गुंतवणूकदाराची. शेत करणारा गावातलाच, कधी तिचा जुना मालक, तोंडी खंडाने.

हा खंड कागदावर येऊ शकत नाही. देवराज अर्सांच्या सरकारने १९७४ साली कसेल त्याची जमीन केली आणि त्यासाठी शेतजमीन खंडाने देण्यावरच बंदी घातली. त्या काळी तो न्यायाचा मोठा निर्णय होता. लाखो कुळांना जमिनी मिळाल्या. २०२० साली दुसरा बदल झाला, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची मुभा मिळाली. दोन्ही कायदे एकत्र वाचले तर आजचं चित्र कळतं. जमीन कुणीही घ्यावी, पण ती कसणारा मालक नसेल तर त्याची कुठे नोंद नाही. नुकसानभरपाई पहणीवरच्या, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यावरच्या, नावाने, फ्रूट्स या शेतकरी नोंदणीच्या क्रमांकावर, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. महाराष्ट्रातही सातबारा आणि ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक हाच रस्ता आहे. मध्यस्थ गेला, शानभोगाचा ओला हात गेला, हे फार चांगलं झालं. पण १८७७च्या समितीपुढे शेतकरी स्वतः उभा राहत असे आणि चार गावकरी सांगत, याचे दोन्ही बैल मेले. आज पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा तो शेत पाहतो आणि नाव उताऱ्यातून घेतो. विधवा सुनेच्या नावावर वारस नोंद झालेली नसेल, तर तिने पेरलेलं पीकही सासऱ्याच्या नावावर बुडतं.

शेजारच्या आंध्राने यावर एक वाट काढली आहे. २०१९च्या कायद्याने तिथल्या खंडकऱ्याला अकरा महिन्यांचं पीक हक्क कार्ड मिळतं. त्याने जमिनीवर हक्क सांगता येत नाही, म्हणून मालकाला भीती नाही, पण पीक कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत कसणाऱ्याच्या नावाने निघते. सर्जापूरहून कोलार ओलांडून पुढे गेलं की हा कायदा लागू होतो. त्या कार्डासाठी मालकाची सही लागते, आणि पुष्कळ मालक ती देत नाहीत.